‘आता करण्यासारखे काही नाही’

वैद्यकीच्या व्यवहारात रोज उच्चारल्या जाणाऱ्या वाक्यांपैकी सर्वांत निर्दय वाक्य कोणते, असे मला कोणी विचारले, तर मी क्षणाचाही विलंब न लावता सांगेन : ‘आता करण्यासारखे काही नाही.’ ते निर्दय आहे म्हणून मी त्याच्यावर तुटून पडते आहे असे मात्र कोणी समजू नये. सत्य पुष्कळदा निर्दय असते आणि ते तोंडावर सांगणाऱ्याचे आपण उपकारच मानले पाहिजेत. माझी तक्रार वेगळी आहे. हे वाक्य खोटे आहे. ते खोटे आहे हे बोलणाऱ्याला ठाऊक असावयास हवे. ऐकणाऱ्याला ते ठाऊक नसते. आणि म्हणूनच ते वर्षानुवर्षे बिनदिक्कत खपत आले आहे.

दिवाळीच्या अंकात हा विषय कशाला, असे काही वाचकांच्या मनात येईल. त्यांना मी एवढेच विचारीन, की आपल्या आळीत, आपल्या चाळीत, आपल्या नात्यागोत्यात पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेला, कंपवाताने जागच्या जागी थिजणारा, किंवा पोटच्या मुलाला ‘तुम्ही कोण?’ असे विचारणारा एकही माणूस नाही काय? त्याच्या घरीही आकाशकंदील लागतोच. तो पाहून आपण पुढे जातो, आत डोकावत नाही. आज आपण जरा आत डोकावू.

मेंदूचे आणि मज्जासंस्थेचे जे गंभीर विकार आहेत, त्यांतील बहुतेक बरे होत नाहीत, हे मला मान्य आहे. जेम्स पार्किन्सनने कंपवातावरचा आपला निबंध १८१७ साली लिहिला. शार्कोने १८६९ साली मोटर न्यूरॉन या आजाराचे वर्णन केले. एवढ्या काळात निदानाची विद्या कुठल्या कुठे गेली. कोणती पेशी मरते, कोणत्या क्रमाने मरते, हे आज तज्ज्ञ चित्रे काढून दाखवतात. पण मेलेली पेशी जिवंत करणे त्यांना साधलेले नाही. कंपवातात लेव्होडोपाने पुष्कळ वर्षे बरी जातात, पण मूळ आजार पुढे सरकतच राहतो. मोटर न्यूरॉनच्या आजारावर १९९५ साली रिल्युझोल हे औषध आले. ते घेऊन आयुष्य वाढते ते साधारण दोन-तीन महिन्यांनी. तेव्हा ‘बरे करता येत नाही’ असे डॉक्टर म्हणाले, तर ते खरे बोलतात. परंतु ‘बरे करता येत नाही’ आणि ‘काही करता येत नाही’ ही दोन वाक्ये एक नव्हेत. पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारणे हा तर्काचा दोष आहे, आणि त्या दोषाची किंमत डॉक्टरांना नव्हे, अंथरुणावरच्या माणसाला मोजावी लागते.

आपल्या जुन्या वैद्यकाला हा भेद कळला होता. रोग साध्य की असाध्य, एवढ्यावरच ते थांबले नाही. त्याने ‘याप्य’ अशी एक निराळी जात मानली. जो रोग जात नाही, पण उपचार चालू असेपर्यंत माणसाला धरून ठेवता येते, तो याप्य. पडू घातलेल्या घराला नीट लावलेला टेकू जसा सावरून धरतो, तसा याप्य रोग्याला उपचार सावरतो, असा दृष्टान्त सुश्रुताने दिला आहे. हे वाचून ज्यांची छाती अभिमानाने फुगेल त्यांना एक स्मरण देणे भाग आहे. असाध्य रोग्याला हात घालणाऱ्या वैद्याच्या धनाची, विद्येची आणि कीर्तीची हानी होते, असा इशाराही चरकाने देऊन ठेवलेला आहे. आमच्या आधुनिक तज्ज्ञांनी संहिता उघडूनही पाहिल्या नसतील. पण टेकूचा दृष्टान्त विसरून कीर्तीचा इशारा मात्र त्यांनी न वाचताच तंतोतंत पाळलेला दिसतो.

या टेकूलाच इंग्रजीत पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. मराठीत कोणी उपशामक सेवा म्हणतो, कोणी परिहार-सेवा. मी तिला उपशामक शुश्रूषा म्हणेन. वेदना, धाप, निद्रानाश, भीती, घरच्यांची ओढाताण यांचा एकत्रित विचार करणारी ही विद्या आहे. ती मूळ उपचारांच्या बरोबरीने, आजाराच्या आरंभापासून सुरू करता येते, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००२ सालच्या आपल्या व्याख्येतच सांगून टाकले आहे. तरी आपल्याकडे समज असा, की ही सेवा कर्करोगाची आणि तीही शेवटच्या आठवड्याची. लंडनला १९६७ साली सिसिली सॉन्डर्सबाईंनी सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केले, तेव्हापासून तेथे कर्करोग्यांबरोबर मोटर न्यूरॉनच्या रुग्णांचीही सोय होती. आपल्याकडे कल्पना आली ती मात्र अर्धी आली. उरलेली अर्धी वाटेतच कोठे तरी गळून पडली.

‘करण्यासारखे’ काय काय असते, ते आता पाहू. श्वासाचे स्नायू दुबळे झाले की मोटर न्यूरॉनचा रुग्ण रात्री नीट झोपत नाही, सकाळी डोके धरून उठतो. रात्री तोंडावर मास्क लावून हवा आत ढकलणारे एक लहानसे यंत्र असते. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला या यंत्राचा रीतसर प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. ज्यांच्या घशाचे स्नायू फार खालावले नव्हते, अशा रुग्णांना या यंत्राने मध्यमानाने सुमारे २०५ दिवसांचे जास्त आयुष्य दिले, आणि ते दिवस सुखाचे गेले. रिल्युझोलच्या दोन-तीन महिन्यांशी याची तुलना वाचकांनीच करावी. ज्याला ‘नुसती शुश्रूषा’ म्हणून नाक मुरडले जाते, ती येथे औषधाच्याही पुढे गेली. कंपवाताच्या २१० रुग्णांवर अमेरिकेत आणि कॅनडात झालेला असाच एक प्रयोग २०२० साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांना उपशामक शुश्रूषेच्या पथकाची जोड मिळाली, त्या रुग्णांचे जगणे नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा सुसह्य ठरले.

याशिवाय लहान वाटणाऱ्या शेकडो गोष्टी आहेत. वाहणारी लाळ कमी करणारी औषधे आहेत. धाप लागते तेव्हा जाणत्या हातांनी दिलेली मॉर्फिनची लहानशी मात्रा जीव न घेता जिवाची तगमग शमवते. दर दोन तासांनी कूस बदलली तर पाठीला जखमा होत नाहीत. स्मृतिभ्रंश पार पुढे गेला की नाकातून नळी घालून अन्न ढकलण्याची घाई होते. पण त्या अवस्थेत नळीने आयुष्य वाढते किंवा न्यूमोनिया टळतो असा पुरावा नाही. शेजारी बसून, धीर धरून, घासघास भरवणे हेच श्रेयस्कर असे जाणकार सांगतात. यातले काहीही करण्यासाठी चमत्कार लागत नाही. लागते ती माहिती, माणूस आणि वेळ.

ही माहिती मिळत नाही म्हणजे काय होते, ते मी जवळून पाहिले आहे. माझ्या थोरल्या बंधूंना मोटर न्यूरॉनचा आजार झाला. एका मोठ्या शहरातील नामवंत तज्ज्ञाने निदान अचूक केले. त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. निदान सांगून झाल्यावर त्यांनी ते ठरलेले वाक्य उच्चारले, एका औषधाची चिठ्ठी दिली आणि पुढची तारीख दिली. घास कसा गिळावा, पाणी घशात अडकले तर काय करावे, दादा कारणावाचून एकाएकी हसत किंवा रडत सुटले तर तो वेडाचा झटका नसून आजाराचाच भाग आहे, यातील एक अक्षरही वहिनींना कोणी सांगितले नाही. पाच महिन्यांनी, योगायोगानेच, घरोघर जाणाऱ्या एका परिचारिकेची गाठ पडली. तिने पहिल्याच भेटीत हनुवटी छातीकडे झुकवून गिळायला शिकवले, पातळ पदार्थ दाट करून द्यायला सांगितले, उशाची बाजू उंच करवून घेतली. पण तोपर्यंत दादांचा आवाज गेला होता. मग तिने पुठ्ठ्यावर वर्णमाला लिहिली. आपण बोटाने एकेक ओळ दाखवायची, ‘क’ची, ‘च’ची, ‘ट’ची, आणि हवी ती ओळ आली की दादांनी डोळे मिटायचे. पहिला शब्द जुळला तो ‘चहा’. पुढे तीन दिवस खपून त्यांनी कळवले, की गळ्याला छिद्र पाडून यंत्र लावू नये आणि घरातून हलवू नये. जे वाक्य पाच महिन्यांपूर्वी ते अर्ध्या मिनिटात बोलले असते, त्याला तीन दिवस लागले. ते तीन दिवस त्यांना कोणी लावले, याचे उत्तर त्या चिठ्ठीत नव्हते.

माझ्या म्हणण्याचा गाभा येथे आहे. कर्करोगाचा रुग्ण बहुधा अखेरपर्यंत बोलतो. त्याला काय हवे ते शेवटच्या महिन्यातही विचारता येते. मेंदूच्या आणि मज्जेच्या विकारांत मरणाच्या कितीतरी आधी वाचा जाते, किंवा समजूत जाते, किंवा दोन्ही जातात. पोटात थेट नळी बसवावयाची तर तीही श्वासाची ताकद फार घटण्यापूर्वी बसवणे सुरक्षित असते. म्हणजे येथे सगळे महत्त्वाचे प्रश्न आधी विचारावे लागतात. कर्करोगाकडून उचललेले ‘शेवटी पाहू’ हे धोरण येथे लावणे म्हणजे, साक्षीदार मुका होईपर्यंत थांबून मग त्याची साक्ष काढण्यासारखे आहे. निदानाच्या दिवशीच ही शुश्रूषा सुरू झाली पाहिजे, असे मी म्हणते ते याच कारणासाठी.

मरणाच्या हक्काविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. सावरकरांचे १९६६ सालचे प्रायोपवेशन आणि पवनारला १९८२ साली विनोबांनी केलेला अन्नपाण्याचा व औषधांचा त्याग, ही उदाहरणे वादात हटकून पुढे येतात. ज्याला जे पटेल ते त्याने त्यांतून घ्यावे. पण दोघांनाही आपला निर्णय स्वतः घेता आला, आपल्या तोंडाने सांगता आला, हे विसरून कसे चालेल? सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची पद्धत सोपी केली. आता ते नोटरीसमोर किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येते. चांगली गोष्ट झाली. पण ते करणारा माणूस समजूत शाबूत असलेला असावा लागतो. ज्याला स्मृतिभ्रंशाचे निदान सांगताना कोणी इच्छापत्राचा विषयच काढला नाही, त्याच्या दृष्टीने हा कायदा दोन वर्षांनी निव्वळ रद्दीचा कागद होतो.

आणखी एका गोष्टीकडे मी लक्ष वेधू इच्छिते. मुंबईत मिनू मसानी यांनी सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी संस्था काढली ती १९८१ साली. असाध्य कर्करोग्यांच्या शुश्रूषेसाठी वांद्र्याला शांती आवेदना हे देशातले पहिले हॉस्पिस उघडले ते १९८६ साली. मरण्याचा हक्क आधी आला, मरणाऱ्याला सांभाळणारे घर पाच वर्षांनी आले! मसानींच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण या क्रमातून आपल्या सुशिक्षित समाजाची मनोवृत्ती कळते. दुःखी माणसाची आपल्याला दया येते तीही अशी, की त्याचे दुःख दूर करण्यापूर्वी त्यालाच दूर करण्याची सोय आपल्याला सुचते. धाप शमलेली आहे, वेदना आटोक्यात आहे, घरच्यांना विसावा मिळतो आहे, आणि तरीही जो म्हणेल ‘पुरे’, त्याचे म्हणणे मी नतमस्तक होऊन ऐकेन. परंतु ज्याला चार रात्री झोप मिळालेली नाही, ज्याच्या पाठीला जखमा झाल्या आहेत, त्याच्या ‘पुरे’ला ‘स्वातंत्र्य’ हे नाव देणे ही क्रूर थट्टा आहे.

अरुणा शानबाग यांची हकीकत महाराष्ट्राला सांगावयास नको. नोव्हेंबर १९७३ मध्ये झालेल्या हल्ल्यात गळा आवळला जाऊन मेंदूचा प्राणवायू तुटला, आणि १८ मे २०१५ रोजी त्यांचा मृत्यू झाला. या साडेएक्केचाळीस वर्षांवर इच्छामरणाच्या बाजूने आणि विरुद्ध रकानेच्या रकाने लिहून झाले. मला त्यातील एकच गोष्ट सांगावयाची आहे. के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिकांनी एवढ्या वर्षांत त्यांच्या अंगावर अंथरुणाची जखम होऊ दिली नाही, ही गोष्ट न्यायालयापुढे नमूद झाली. इच्छामरणाचा निकाल २०११ साली लागला आणि कायद्याच्या पुस्तकात गेला. पण परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी ती कूस कशी बदलली, ते घास कसे भरवले, याचे पुस्तक आमच्या वैद्यकीय महाविद्यालयांनी शिकवले पाहिजे असे कोणालाच वाटले नाही. ज्यांनी ते केले त्या ‘सिस्टर’ होत्या, ‘सर’ नव्हत्या, एवढेच त्याचे कारण असावे काय?

आता आक्षेपांकडे वळते. पहिला आक्षेप संस्कृतीच्या अभिमान्यांचा. ‘हॉस्पिस वगैरे पाश्चात्त्यांना हवीत; आपल्याकडे घर आहे, सेवाभाव आहे.’ या वाक्यातला ‘घर’ हा शब्द फार फसवा आहे. घर सेवा करीत नाही. घरातील एक बाई सेवा करते. ती बायको असते, सून असते, नाही तर लग्न न झालेली मुलगी असते. ती नोकरी सोडते, रात्री तीनदा उठते, तिची स्वतःची पाठ कामातून जाते, आणि तिच्या हातून एकदा घास अडकला की सारे नातेवाईक तिच्याकडे बोट दाखवतात. तिला ‘साक्षात देवी’ म्हटले की आपले कर्तव्य संपते! सेवेचा गौरव करणाऱ्या पुरुषांनी आठ दिवस ती करून पाहावी आणि मग संस्कृतीवर बोलावे. उपशामक शुश्रूषा त्या बाईलाही रुग्णाइतकीच मोजते, तिला शिकवते, तिला चार दिवस मोकळे करते. घराची जागा ती घेऊ पाहत नाही. घर मोडून पडू नये म्हणून ती त्याला टेकू देते.

दुसरा आक्षेप गरिबीचा. ‘हे चोचले आपल्या देशाला परवडणारे नाहीत.’ केरळ काय श्रीमंत युरोपात आहे? कोझिकोडला डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली या कामाची संस्था सुरू केली. पुढे गावोगावचे लोक, विद्यार्थी, दुकानदार त्यात आले. दुकानांच्या फळ्यांवर डबे ठेवून सुट्या पैशांवर शुश्रूषेची केंद्रे चालू लागली. केरळ सरकारने २००८ साली यासाठी स्वतंत्र धोरण ठरवले आणि पंचायतींच्या मार्फत परिचारिका घरोघर जाऊ लागल्या. त्यांच्या यादीत कर्करोग्यांच्या जोडीला पक्षाघाताचे आणि कण्याला मार बसून लुळे पडलेले रुग्णही आहेत. खर्चाची भाषाच बोलावयाची तर अतिदक्षता विभागात घर विकून काढलेल्या तीन आठवड्यांचा हिशेब आधी मांडा. परिचारिकेच्या आठवड्याच्या फेरीचा मग मांडू.

औषधाचीही तीच कथा. नीमच आणि गाझीपूरला अफूचे सरकारी कारखाने असलेला हा देश. पण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने मॉर्फिनभोवती परवान्यांचे असे कुंपण घातले, की ज्यांना त्याची गरज होती त्यांच्यापर्यंत ते पोचेना. कायद्यात दुरुस्ती व्हायला २०१४ साल उजाडले. कागद बदलला, पण डॉक्टरांच्या मनातील धास्ती तेवढ्याने जात नाही. ज्या पदवीधराने महाविद्यालयात मॉर्फिन लिहून द्यायला कधी शिकलेच नाही, तो कायदा सोपा झाल्यावर एकाएकी कसा लिहून देईल?

तिसरा आक्षेप सर्वांत सभ्य आहे. ‘निदानाच्या दिवशीच मरणाच्या गोष्टी काढल्या तर रुग्ण खचेल, त्याची आशा हिरावून घेऊ नये.’ खचतो कोण, हे पाहावयास हवे. गिळताना ठसका लागू लागलेल्या माणसाला आपले काय होत आहे हे डॉक्टरांच्या आधी कळलेले असते. त्याच्यापुढे विषय टाळला म्हणजे त्याची भीती जात नाही. ती एकट्याने भोगण्याची शिक्षा मात्र त्याला होते. अवघड संभाषण टाळून वाचतो तो बोलणारा. त्याला रुग्णाविषयीची करुणा म्हणणे हे शब्दाशी बेइमानी करणे आहे.

माझ्या मागण्या फार नाहीत. मेंदूच्या विकारांचा विभाग चालवणाऱ्या प्रत्येक मोठ्या रुग्णालयात उपशामक शुश्रूषेचे पथक असावे आणि निदानाच्या चिठ्ठीबरोबरच त्या पथकाच्या भेटीची चिठ्ठी मिळावी. मुंबईच्या टाटा रुग्णालयात या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम २०१२ साली सुरू झाला, आणि केंद्र सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रमही त्याच वर्षीचा. तेव्हा विद्या नाही, योजना नाही, ही सबब आता चालणार नाही. महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषदांनी आणि नगरपालिकांनी केरळप्रमाणे घरी जाणाऱ्या परिचारिका नेमाव्यात. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारखी, रुग्णांनी आणि त्यांच्या माणसांनी एकत्र येऊन चालवलेली मंडळे प्रत्येक जिल्ह्यात उभी राहावीत. आणि वाचकांपैकी ज्यांच्या घरी असे निदान झाले असेल, त्यांनी सणाचे पाहुणे पांगले की त्या माणसाजवळ बसावे, आणि त्याला काय हवे, काय नको, हे त्याच्या तोंडून ऐकून घ्यावे.

‘शुश्रूषा’ या शब्दाचा मूळ धात्वर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. सेवा, औषध, पथ्य हे अर्थ त्याला मागाहून चिकटले. तेव्हा यापुढे कोणी डॉक्टर आपल्याला म्हणाले, की करण्यासारखे काही नाही, तर खुर्चीवरून उठू नका. त्यांना विचारा : ‘ऐकण्यासारखे तरी आहे ना? मग त्याला सुरुवात कधी करायची?’